रिओ नेग्रोच्या वरच्या खोऱ्यातील नाशपाती: पाणी, रेल्वे आणि दूरची बाजारपेठ

दक्षिण गोलार्धातील नाशपातीच्या उत्पादनात आणि निर्यातीत अर्जेंटिनाचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते, आणि या देशाची बहुतांश नाशपाती पॅटागोनियाच्या उत्तर कडेवरील एका अरुंद पट्ट्यात पिकते. नेउकेन आणि लिमाय या नद्यांच्या संगमातून रिओ नेग्रो ही नदी सुरू होते. संगमाच्या आसपासचा आणि त्याखालचा हा भाग ‘आल्तो वाये’, म्हणजे वरचे खोरे, या नावाने ओळखला जातो. येथे वर्षाकाठी पाऊस जेमतेम 200 मिलिमीटरच्या घरात पडतो. खोऱ्याबाहेरच्या पठारावर खुरट्या काटेरी झुडपांपलीकडे फारसे काही उगवत नाही. त्यामुळे येथील फळशेती निसर्गाने आपसूक दिलेली नाही; ती सरकारी निर्णय, परकीय भांडवल आणि वसाहतकारांचे श्रम यांतून उभी राहिली.

या इतिहासाचा आरंभ सुखद नाही. 1879 मध्ये हुलिओ रोका यांच्या नेतृत्वाखालील लष्करी मोहिमेने मापुचे आणि तेवेल्चे या मूळ रहिवाशांना त्यांच्या भूमीवरून हुसकावले, आणि त्याच वर्षी नदीकाठी जनरल रोका हे ठाणे वसले. 1880 च्या दशकात सैनिकांकडून खोदवून घेतलेला कालवा हा येथील पाटपाण्याचा पहिला मोठा प्रयत्न होता. 1899 मध्ये रेल्वे नेउकेन नदीपर्यंत पोहोचली. ती शेतमालासाठी आणलेली नव्हती. चिलीशी सीमावाद पेटलाच तर सैन्य लवकर पोहोचावे, हा तिचा हेतू होता. त्याच वर्षीच्या महापुराने जनरल रोका उद्ध्वस्त केले आणि नदीला आवर घातल्याखेरीज येथे शेती टिकणार नाही, हे स्पष्ट झाले.

इटालियन अभियंता चेझारे चिपोलेट्टी यांनी सरकारसाठी या नद्यांची पाहणी करून सिंचनाची शक्यता मांडली होती. त्या विचाराला पुढे नेउकेन नदीवरील बंधाऱ्याच्या रूपाने आकार आला. 1910 मध्ये सुरू झालेले हे काम 1916 मध्ये पूर्ण झाले. पुराचे जादा पाणी शेजारच्या नैसर्गिक खोलगटात वळवायचे आणि उरलेले मुख्य कालव्यातून शंभराहून अधिक किलोमीटर खाली न्यायचे, अशी ही दुहेरी रचना आहे. कालवा आल्यावर माळरानाचे काय होते, हे नीरा आणि प्रवरेच्या काठावरील वाचकाला वेगळे सांगण्याची गरज नाही.

प्रारंभी वसाहतकारांनी मुख्यतः लसूणघास आणि द्राक्षे लावली. फळबागांकडे वळण घेण्यामागे ब्रिटिश मालकीच्या ‘फेर्रोकारिल सुद’ या रेल्वे कंपनीचे गणित होते: हजार किलोमीटरहून दूर असलेल्या ब्वेनोस आयरेसपर्यंत भरलेले डबे जायचे, तर किमती माल हवा. कंपनीने 1918 मध्ये सिंको साल्तोस येथे प्रयोगक्षेत्र सुरू केले आणि हवामानाला मानवणाऱ्या जाती व लागवडीची पद्धत शेतकऱ्यांपर्यंत नेली. पुढे 1928 मध्ये तिने फळांची प्रतवारी, पेटीबंदी आणि विक्री करणारी उपकंपनीही स्थापन केली. वाहतूक, पॅकिंग आणि बाजारपेठ एकाच हाती गेल्याने छोट्या बागायतदाराला खात्रीचा ग्राहक मिळाला, पण भाव ठरवण्याची ताकद त्याच्याकडे राहिली नाही. 1948 मध्ये रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले; ही असमानता मात्र पुढे पॅकिंग आणि शीतगृहे चालवणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या काळातही कायम राहिली.

इटली आणि स्पेनमधून आलेल्या कुटुंबांनी या लहान बागा, ज्यांना तेथे ‘चाक्रा’ म्हणतात, उभ्या केल्या. पॅटागोनियातील वारा फळे झोडपून काढतो, म्हणून प्रत्येक बागेभोवती पॉप्लरच्या उंच रांगा लावल्या गेल्या. वसंतात कळ्या उमलताना थंडीचा कडाका पडला, तर रात्रभर तुषार सिंचन चालू ठेवतात. पाणी गोठताना जी उष्णता बाहेर टाकते, तीच कळीला वाचवते.

दीर्घकाळ या खोऱ्याची ओळख सफरचंदाची होती. नाशपाती पुढे सरकली त्याचे एक मोठे कारण हंगाम हे आहे. जानेवारीत विल्यम्स जातीची तोडणी सुरू होते, त्यामागून पॅकहॅम्स ट्रायम्फ येते, आणि तेव्हा युरोप-अमेरिकेतील बागा निष्पर्ण असतात. नाशपाती झाडावर पिकू न देता कडक असतानाच तोडतात आणि थंड ठेवतात. त्यामुळे लांबचा सागरी प्रवास तिला झेपतो. 1983 मध्ये सुरू झालेल्या सान अंतोनियो एस्ते बंदराने हा प्रवास आणखी सोपा केला. ब्राझील, रशिया, इटली आणि अमेरिका हे मोठे ग्राहक ठरले. तोडणीच्या दिवसांत उत्तरेकडील तुकुमानसारख्या प्रांतांतून हजारो मजूर येतात, तर पॅकिंग केंद्रे, पेटीनिर्मिती, रसाचे कारखाने आणि मालवाहतूक यांवर खोऱ्यातील गावांची उपजीविका चालते.

निर्यातीवरचे हे अवलंबन महागही पडते. कोडलिंग मॉथ या पतंगाची अळी फळाच्या गाभ्यात शिरते. ती आढळल्यामुळे ब्राझीलने 2015 मध्ये आयात थांबवली होती. नर पतंगाला मादीचा माग लागू नये म्हणून बागांत कामगंध सोडला जातो, परंतु हा उपाय सलग मोठ्या क्षेत्रावर केला तरच लागू पडतो. तोट्यामुळे एखाद्याने बाग सोडून दिली की तीच शेजाऱ्यांसाठी किडीचे आगर बनते. अशा सोडलेल्या बागा वाढत गेल्या आहेत, आणि आयेन या गावाच्या परिसरात, जेथे राष्ट्रीय नाशपाती महोत्सव भरतो, पॉप्लरच्या रांगांमध्येच नैसर्गिक वायूच्या विहिरी खोदल्या गेल्या आहेत.