काँक्रीटचे वरचे तीन मिलिमीटर

नाशिकमधील अंबड किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत जुन्या शेडमधून एक तक्रार हमखास ऐकू येते. सकाळी झाडून काढलेल्या कोब्यावर संध्याकाळपर्यंत पुन्हा करडी भुकटी जमते, ट्रॉलीच्या वाटेवर खडी उघडी पडू लागते आणि तरीही काँक्रीटचा चाचणी अहवाल मात्र चोख असतो. अहवाल खोटा असतो असे नाही. १५० मिलिमीटर बाजूचा ठोकळा २८ दिवस पाण्यात ठेवून यंत्राखाली फोडला जातो, तेव्हा त्या मिश्रणाची दाब सोसण्याची ताकद कळते. पण ज्यावरून चाक फिरते तो वरचा दोन-तीन मिलिमीटरचा थर त्या ठोकळ्यात नसतोच. तो जागेवर, काँक्रीट ओतल्यानंतरच्या काही तासांत, फिनिशिंग करणाऱ्या कारागिराच्या हाताखाली घडतो किंवा बिघडतो. हे काम म्हणजे शेवटचा हात फिरवणे, असा जो समज बांधकामावर रूढ आहे, तो मला म्हणूनच चुकीचा वाटतो.

काँक्रीट वाळून घट्ट होत नाही. सिमेंटमधील कॅल्शियम सिलिकेट्सचा पाण्याशी रासायनिक संयोग होतो आणि त्यातून कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट हा चिवट पदार्थ तयार होऊन वाळू व खडीला बांधून ठेवतो. ही क्रिया पूर्ण होण्यासाठी १०० किलो सिमेंटला साधारण ३८ ते ४० किलो पाणी पुरते. मिश्रण पसरता यावे म्हणून त्याहून जास्त पाणी घातले जाते, आणि हे जादा पाणीच पुढे कारागिराची परीक्षा घेते. ओतलेल्या काँक्रीटमध्ये सिमेंट आणि खडीचे जड कण हळूहळू खाली बसतात व हलके पाणी वर येऊन पृष्ठभागावर चकाकते. याला ब्लीडिंग म्हणतात. हे पाणी अंगावर असतानाच लोखंडी थापी फिरवली, तर ते वरच्या थरात पुन्हा कालवले जाते. म्हणजे खाली पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ असले तरी नेमका वरचा थर त्याहून कितीतरी पाणचट होतो. पुढे ते पाणी उडून जाते, मागे सूक्ष्म छिद्रे राहतात, आणि भुकटी निघू लागते.

यावरचा आपल्याकडचा प्रचलित उपाय म्हणजे वर आलेले पाणी शोषून घेण्यासाठी कोरडे सिमेंट भुरभुरवणे. पृष्ठभाग लगेच गुळगुळीत दिसतो, मुकादम खूश होतो आणि गाडी पुढच्या पट्ट्याकडे सरकते. परंतु त्या ठिकाणी खडी-वाळूविना निव्वळ सिमेंटची एक पातळ साय तयार झालेली असते, जी खालच्या काँक्रीटपेक्षा जास्त आकसते. काही दिवसांनी तिच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा उमटतात किंवा तिचा पापुद्रा सुटतो. पाणी खरोखरच साचले असेल, तर ते रबरी पाइप ओढून किंवा स्क्वीजीने बाजूला काढणे हाच सरळ मार्ग आहे.

मग हात केव्हा लावायचा? शेतकरी जसा पेरणीआधी वाफशाची वाट पाहतो, तशीच ही वाट पाहण्याची गोष्ट आहे. अनुभवी कारागीर आधी पृष्ठभागावरची चकाकी जाण्याची वाट पाहतो, मग बूट घातलेला पाय काँक्रीटवर ठेवतो. ठसा सुमारे ६ मिलिमीटर खोल उमटला, तर लाकडी रंधा किंवा यंत्राची फ्लोट डिस्क चालवण्याची वेळ झाली. तो ३ मिलिमीटरच्या आसपास आला, की लोखंडी पाते फिरवायचे. लाकडाचा खरबरीत तळ पृष्ठभाग सपाट करतो, पण त्याची छिद्रे उघडी ठेवतो, त्यामुळे उरलेले पाणी बाहेर पडू शकते. लोखंडी पाते मात्र थर दाबून बंद करते. ते घाईने फिरवले तर आत अडकलेले पाणी आणि हवा पृष्ठभागाखाली साचून फुगे धरतात. योग्य वेळी, दर फेरीला पात्याचा कोन थोडा वाढवत केलेली घोटाई पृष्ठभाग घट्ट करते आणि त्याची झीज सोसण्याची ताकद वाढवते.

ही वेळ घड्याळावर ठरत नाही आणि नाशिकमध्ये तर मुळीच नाही. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्यामुळे इथली हवा वर्षभरात फार रूपे बदलते. जानेवारीत निफाडचा पारा काही वर्षी ५ अंशांच्या खाली जातो. सिमेंटची रासायनिक क्रिया तापमान १० अंशांनी उतरले की ढोबळमानाने निम्म्या वेगाने चालते, त्यामुळे दुपारी उशिरा ओतलेल्या स्लॅबसाठी कारागिराला मध्यरात्रीपर्यंत ताटकळावे लागते. एप्रिलमध्ये उलट घडते. कोरडा वारा, तापलेली खडी आणि कमी आर्द्रता यांमुळे बाष्पीभवनाचा वेग चौरस मीटरमागे ताशी १ किलोच्या जवळ गेला, की ब्लीडिंगच्या पाण्यापेक्षा उडणारे पाणी जास्त होते आणि काँक्रीट अजून ओले असतानाच त्यावर भेगा पडतात. त्या दिवसांत चकाकी लवकर जाते, पण ती फसवी असते: वरचा पापुद्रा सुकलेला आणि आत काँक्रीट अजून लुसलुशीत. पाय ठेवून पाहण्याची चाचणी इथे डोळ्यांपेक्षा विश्वासाची ठरते. संध्याकाळी ओतणे, वाऱ्याच्या दिशेने कनात लावणे आणि दोन टप्प्यांच्या मध्ये प्लास्टिक पसरणे हे उपाय स्वस्त आहेत. ते केले जात नाहीत, याचे कारण बहुधा वेळापत्रक हेच असते.

एकच काँक्रीट कुठे वापरायचे आहे, त्यावर त्याचे फिनिशिंग ठरते. गोदाकाठच्या घाटावर सिंहस्थात लाखो भाविक ओल्या पायांनी चालतात. तिथे आरशासारखी घोटलेली पायरी म्हणजे अपघाताला आमंत्रण. अशा जागी झाडूने ओढलेल्या आडव्या रेघांचा खरबरीत पृष्ठभागच हवा. पिंपळगाव बसवंतच्या पट्ट्यातील शीतगृहांची गरज अगदी वेगळी असते. तिथे सपाटी महत्त्वाची, कारण फोर्कलिफ्टच्या दोन चाकांमधील १ मीटर अंतरात जमीन अवघी २ मिलिमीटर कलली, तर १० मीटर उंचीवर उचललेले पॅलेट २० मिलिमीटर बाजूला झुकते. म्हणूनच मोठ्या गोदामांत सपाटी आणि समतलता स्वतंत्र अंकांनी मोजली जाते. पाणी व्हॅक्यूमने ओढून घेणारी ट्रिमिक्स पद्धत आणि फिरत्या पात्यांनी घोटाई करणारे पॉवर ट्रॉवेल ही यंत्रे आता एमआयडीसीत सर्रास दिसतात, परंतु यंत्र केव्हा चढवायचे हे ठरवणारा माणूसच असतो.

फिनिशिंगनंतर दोन कामे राहतात. पहिले सांधे कापण्याचे: १५० मिलिमीटर जाडीच्या फ्लोअरला जाडीच्या चौथ्या भागाइतकी, म्हणजे सुमारे ३८ मिलिमीटर खोल खाच त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या सकाळपर्यंत द्यावी लागते, नाहीतर काँक्रीट आपली भेग आपणच निवडते. दुसरे क्युरिंगचे, म्हणजे काँक्रीट ओले ठेवण्याचे. आयएस ४५६ या काँक्रीटसाठीच्या भारतीय मानकानुसार साध्या पोर्टलंड सिमेंटला किमान ७ दिवस, तर राख मिसळलेल्या सिमेंटला किंवा उष्ण-कोरड्या हवेत किमान १० दिवस ओलावा टिकवावा लागतो. बाजारात मिळणारे बहुतेक पीपीसी (पोर्टलंड पोझोलाना) सिमेंट हे एकलहऱ्यासारख्या औष्णिक वीज केंद्रांतून निघणाऱ्या राखेच्या मिश्रणाचे असते, ही राख सावकाश काम करते, आणि म्हणून पाणी साठवण्यासाठी केलेली आळी तीन दिवसांत फोडून टाकण्याची सवय इथे विशेष महाग पडते.

इतके शास्त्र ज्या कामात आहे, ते शिकण्याची सोय कुठे आहे? आयटीआयमध्ये मेसन (बिल्डिंग कन्स्ट्रक्टर) हा एक वर्षाचा ट्रेड आहे; तो प्रत्येक संस्थेत असतोच असे नाही, त्यामुळे प्रवेशाआधी चौकशी करावी. दहावीनंतर पॉलिटेक्निकमध्ये तीन वर्षांची स्थापत्य पदविका घेता येते आणि तिच्या बळावर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. १९५९ मध्ये स्थापन झालेली महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजेच मेरी, नाशिकमध्येच दिंडोरी रस्त्यावर आहे, हे या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या कित्येक मुलांना ठाऊकही नसते. अमेरिकेत काँक्रीट फ्लॅटवर्क फिनिशरसाठी लेखी आणि प्रत्यक्ष कामाची स्वतंत्र परीक्षा असते, आणि टेनेसी राज्यातील एका विद्यापीठाने १९९६ मध्ये केवळ काँक्रीट उद्योगाच्या व्यवस्थापनाची पदवी सुरू केली. आपल्याकडे फिनिशिंग अजूनही मुख्यतः बिगारीपासून सुरुवात करून, हात पाहत पाहत शिकले जाते. ती शाळा वाईट नाही. तिथे फक्त 'का' या प्रश्नाला उत्तर मिळत नाही.

ज्याला ते उत्तर मिळते, त्याच्यासाठी वाटा बऱ्याच आहेत. आरएमसी (तयार काँक्रीट) प्लांटच्या प्रयोगशाळेत स्लम्प, म्हणजे ओल्या काँक्रीटचा सैलपणा, मोजणारा आणि ठोकळे भरणारा तंत्रज्ञ पुढे गुणवत्ता नियंत्रणात आणि मिक्स डिझाइनकडे, म्हणजे मिश्रणाचे प्रमाण ठरवण्याकडे, जाऊ शकतो. औद्योगिक फ्लोअरिंगमध्ये स्वतःचे पॉवर ट्रॉवेल घेऊन छोटा ठेकेदार होता येते. डायमंड पॅडने काँक्रीट घासून चकाकी आणण्याचे काम शोरूम आणि कॅफेंमुळे वाढते आहे. जुन्या, भुकटी सुटणाऱ्या फ्लोअरवर सोडियम किंवा लिथियम सिलिकेटचे द्रावण देणे हाही एक वेगळा व्यवसाय आहे. हे द्रावण काँक्रीटमधील मोकळ्या चुन्याशी संयोग पावून छिद्रांतच नवे सिलिकेट हायड्रेट तयार करते. ज्याला ब्लीडिंग कळले, त्याला यातील काहीच परके वाटत नाही.

या व्यवसायातील धोकेही सांगितले पाहिजेत. ओल्या काँक्रीटचा पीएच १२ ते १३ असतो; त्यात गुडघे टेकून तासन्‌तास काम केल्यास त्वचा भाजते, आणि हे भाजणे सुरुवातीला दुखत नसल्यामुळे लक्षात उशिरा येते. कोरडे कटिंग आणि ग्राइंडिंग करताना उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. गमबूट, गुडघ्यांचे पॅड, पाणी सोडत कापणारे यंत्र आणि योग्य मास्क यांचा खर्च ठेक्याच्या दरातच धरावा. १८ ते ६० वयाच्या ज्या कामगाराने मागील १२ महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केले आहे, त्याला राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करता येते. त्यासाठी लागणारा कामाचा दाखला प्रत्येक साइट सोडतानाच मागून घ्यावा, कारण ठेकेदार बदलल्यावर तो मिळवणे अवघड जाते.