लहान तुकडा आधी मोठा करा, मग मशीनला लावा

आमच्या वखारीतून किलोवर तुकडे नेणाऱ्यांत हल्ली घरी छोटं मशीन घेतलेले हौशी लोक बरेच असतात. म्हणून हे पत्रक पिशवीत टाकतो आहोत.

पिशवीतला साग, शिसव बहुतेक जुन्या दारं-खिडक्यांचा आहे. म्हणजे आत खिळा असणार असंच धरून चला. दिसणारे खिळे आम्ही उपटतो, पण डोकं उडालेली चूक (बारीक खिळा) आतच राहते. जुन्या स्पीकरचं चुंबक दोऱ्याला टांगून तुकड्यावरून फिरवा. लोखंड असेल तिथे ते लगेच वळतं. पितळी स्क्रू त्याला सापडत नाही. तिथे भोकाभोवतीचा हिरवट डाग बघायचा.

जुना ऑइलपेंट लागलेला तुकडा चुकून आला असेल, तर रंधू नका, घासूही नका. घरगुती रंगातल्या विषारी शिशावर (लेडवर) ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, आणि वाड्याच्या खिडकीचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. तुकडा परत आणा, बदलून देऊ.

आता मुख्य गोष्ट. आमच्या शटरला आतून एक पोचा आहे. चार इंची शिसवाचा तुकडा आम्हीच घाईत रंधा मशीनवर धरला होता, त्याची ती खूण. हात वाचला तो केवळ नशिबाने. तेव्हापासून एक फुटापेक्षा आखूड तुकडा आम्ही मशीनवर सुटा घालत नाही. थिकनेसरमध्ये (लाकडाची जाडी एकसारखी करणारं रंधा मशीन) पुढच्या आणि मागच्या रोलरच्या मधल्या अंतरापेक्षा तुकडा आखूड असेल, तर मधेच त्याला कुणीच धरलेलं नसतं. तो पात्याखाली उचलला जातो आणि फुटतो, नाहीतर मागे उडतो. तुमच्या मशीनचं हे अंतर एकदा टेपने मोजून ठेवा.

उपाय साधा आहे. तुकड्याची खालची बाजू आणि दोन्ही कडा हातरंध्याने सरळ करा. सपाट फळीवर कागद पसरून तुकडा ठेवा आणि दोन्ही कडांना एकेक लांब पट्टी फेविकॉलने चिकटवा. पट्टी तुकड्यापेक्षा किंचित जाड हवी आणि दोन्ही टोकांना चार-चार इंच पुढे आलेली हवी. पाच-सहा इंची दोन-तीन तुकडे एका ओळीत बसवले तर आणखी चांगलं. लाकडाच्या रेषा मात्र सगळ्यांच्या लांबीतच ठेवा; आडव्या आल्या तर तुकडा चिरफळतो. खिळे-स्क्रू अजिबात नकोत. रात्रभर शिकंज्यात (क्लॅम्पमध्ये) ठेवा आणि सकाळी दर खेपेला अर्ध्या मिलिमीटरहून कमी काढत मशीनमधून न्या. टोकाला पडणारा खड्डा पट्टीवर पडतो, तुमचा माल साफ राहतो. शेवटी पट्ट्या हातकरवतीने कापून टाका.

गोल करवतीवर दहा इंची पातं मिनिटाला २८८० फेरे घेतं, तेव्हा दाताचा वेग ताशी सुमारे १३८ किलोमीटर होतो. म्हणून पात्याच्या रेषेत उभं राहायचं नाही. लांब फळीचे छोटे तुकडे पाडताना सुटणारा तुकडा फेन्स (पात्याशेजारची मापाची सरळ आधारपट्टी) आणि पातं यांच्यामध्ये अडकू देऊ नका. फेन्सला पात्याच्या अलीकडे एक ठोकळा लावून माप तिथेच घ्या, म्हणजे कापताना पुढे मोकळी जागा राहते. पडलेला तुकडा उचलायला पातं थांबेपर्यंत थांबा. ढकलायला बोटं नकोत, खाच पाडलेली काठी घ्या.

हातमोजे घालू नका. पात्यात धागा गेला की हात सोबत जातो. गंडा, राखी, बांगड्या, ओढणी यांचंही तेच. भुशाला हलकं समजू नका. लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून नोंदली गेली आहे, आणि शिसवाच्या भुशाने काहींच्या अंगाला खाजही सुटते. तोंडाला बांधलेला रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क घ्या.

चार इंचांखालचं काम हातानेच करा. रंधा शिकंज्यात उलटा धरून तुकडा त्यावरून ओढला की मिनिटात होतो. फक्त बोटांच्या टोकांऐवजी वरून एक ठोकळा दाबा.

फुटाहून लांब तुकडे सरळ करून हवे असतील तर आमच्याकडे आणा. गुरुवारी वीज कधी जाईल त्याचा नेम नसतो, तेवढा वार टाळा.