जुन्या जीपची घरगुती देखभाल-दुरुस्ती

अमेरिकन विलीस कंपनीच्या नमुन्याच्या, चारही चाकांना ओढ देणाऱ्या जुन्या जीपगाड्या मालकाने स्वतः, घरच्या अंगणात आणि साध्या हत्यारांनी चालत्या ठेवण्याची पद्धत. महाराष्ट्रात ‘जुनी जीप’ म्हटले की बहुतेक वेळा उंच बॉनेटची सीजे-३बी डोळ्यांपुढे येते. अमेरिकेत ती १९५३ ते १९६८ या काळात तयार होत होती. भारतात मात्र तिचा साचा त्यानंतरही बरीच वर्षे चालला. १९४५ साली ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या नावाने निघालेली आणि १९४८ पासून ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालेली कंपनी मुंबईत या जीपची जुळणी करू लागली. त्यामुळे वनखाते, साखर कारखाने, पोलीस आणि गावोगावचे पुढारी अशा सगळ्यांच्या दारात ती उभी राहिली.

मूळ एमबी जीप (१९४१–४५) युद्धासाठी बनली होती. बिघडली तर सैनिकाने रस्त्याकडेला खोलून जोडावी, हा तिच्या रचनेतला विचार. सुमारे २.२ लिटरचे, ६० अश्वशक्तीचे चार सिलिंडरी इंजिन, बाजूला व्हॉल्व्ह, इलेक्ट्रॉनिक काहीच नाही. पेट्रोल येते का, ठिणगी पडते का, हवा मिळते का, या तीन प्रश्नांत बंद पडलेल्या जीपचे बहुतेक निदान होते. तरीही आज हातात येणारी जीप पहिल्या महिन्यात मालकाला रडवते, कारण तिचे खरे दुखणे मूळ यंत्रात क्वचितच असते. आधीच्या पन्नास-साठ वर्षांत तिच्यावर जे इलाज झाले, त्यांत ते असते. म्हणून पाना हातात घेण्याआधी गाडी वाचावी लागते.

वाचायचे म्हणजे काय, तर आधी इंजिन कोणते ते पाहायचे. सीजे-३बीच्या मूळ ‘हरिकेन’ इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बाजूला असतात. या रचनेमुळे इंजिन उंच झाले आणि बॉनेटही उंचावले. पेट्रोल महागल्यावर कित्येक जीपमध्ये डिझेल इंजिने बसली. महिंद्राच्या एमएम ५४० या जीपमध्ये तर कंपनीनेच प्यूजोचे २,११२ सीसीचे डिझेल इंजिन दिले. दुसरे म्हणजे वीज. सुरुवातीच्या गाड्या ६ व्होल्टच्या होत्या. पुढे कोणीतरी १२ व्होल्टची बॅटरी बसवतो, ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणारी कॉइल मात्र ६ व्होल्टचीच राहते. मग पॉइंट (कॉइलची वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) वरचेवर जळतात आणि दोष त्यांच्याबरोबरच्या कंडेन्सरला मिळतो. तिसरे, आटे. विलीसचे नट-बोल्ट इंची मापाचे आहेत. १३ नंबरचा पाना अर्ध्या इंचाच्या नटावर बसतो खरा, पण दोन-चार वेळांत नटाची धार गोल करतो. शिवाय मूळ गाडीच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात. हे ठाऊक नसलेल्या पंक्चरवाल्याने पाइप घालून जोर लावला की स्टड तुटलाच म्हणून समजा.

पेट्रोल इंजिनाची नेहमीची कामे फिलर गेजवर, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांवर, होतात. पॉइंटचे अंतर ०.०२० इंच, प्लगचे ०.०३० इंच आणि सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा म्हणजे फायरिंग क्रम १-३-४-२. हरिकेनच्या टॅपेटचे (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागांचे) अंतर थंड इंजिनावर लावतात : इनलेट ०.०१८ आणि एक्झॉस्ट ०.०१६ इंच. टॅपेटचा थोडा आवाज येत असेल तर येऊ द्यावा. आवाज बंद करण्याच्या नादात अंतर कमी ठेवले, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट न बसता जळतो. गाडी मिसिंग मारत असेल तर कार्ब्युरेटर खोलण्याआधी पॉइंट आणि वायरी पाहाव्यात. कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत जास्त नुकसान करणारा उपाय आहे.

उन्हाळ्यात घाट चढताना गाडी अचानक बंद पडते आणि अर्ध्या तासाने काही न करता चालू होते, तेव्हा बहुधा इंजिनालगतच्या फ्युएल पंपात पेट्रोलची वाफ झालेली असते. पंपावर ओले फडके टाकायची जुन्या ड्रायव्हरांची युक्ती आजही लागू पडते. पण असे वारंवार होत असेल तर पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर घ्यावी आणि रेडिएटर धुऊन काढावा. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. ते पंपाच्या जुन्या रबरी डायफ्रॅमला मानवत नाही आणि उभ्या गाडीच्या टाकीत ओलावाही ओढून घेते. महिनोन्‌महिने न हलणाऱ्या जीपला त्याचा जास्त त्रास होतो. मूळ एअर क्लीनर तेलाचा असतो. त्याची वाटी रॉकेलने धुऊन खुणेपर्यंत इंजिन ऑइल भरावे. धुळीच्या रस्त्यांवर हे दर आठवड्याचे काम आहे.

सेल्फ दमला की हॅन्डल मारता येते. मात्र अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीभोवती वळवायचा नाही आणि हॅन्डल खालून वर ओढायचे. इंजिनाने उलटा झटका दिला तर हात सुटतो, मोडत नाही.

इंजिनाइतके लक्ष गाडीच्या पोटाकडे दिले जात नाही आणि जीप खरी मरते ती तिथेच. गिअरबॉक्स आणि पुढच्या-मागच्या चाकांना ओढ वाटून देणारी ट्रान्सफर केस एकमेकांना चिकटून असतात; मधले सील गेले की तेल एकातून दुसऱ्यात उतरते. एकाची पातळी वाढली आणि दुसऱ्याची घटली, तर ते गळतीचे लक्षण. दोन्हींची पातळी वेगवेगळी तपासावी. गिअरबॉक्समधल्या पितळी भागांना सोसेल असे जीएल-४ प्रतीचे ९० नंबरचे तेल वापरावे. डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर लावू नये. चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारे डिफरेन्शिअल पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये नसल्याने वळताना सगळी यंत्रणा पिळली जाते आणि लिव्हर अडकतो. तो हातोडीने मारून सुटत नाही. गाडी चार हात मागे घेतली की सुटतो.

ठरावीक वेगाला पुढची चाके थरथरतात, ही जीपची जुनी तक्रार. लोक चाकांचे बॅलन्सिंग करून थकतात. आधी चाक उचलून वरखाली धरून हलवावे आणि दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगावे. ढिलाई नाहीशी झाली तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये, तशीच राहिली तर चाक ज्यावर वळते त्या किंगपिनमध्ये. किंगपिनची ढिलाई शिम (पत्र्याच्या पातळ चकत्या) कमी करून काढता येते. त्यानंतर एकाने स्टिअरिंग हलवावे आणि दुसऱ्याने खाली झोपून बेलक्रँक, म्हणजे स्टिअरिंगची हालचाल चाकांच्या दांड्यांकडे वळवणारा भाग, पाहावा. त्याचे बुश झिजले की स्टिअरिंग नुसते फिरते, चाके मात्र उशिरा ऐकतात.

हॅन्डब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसमागे, प्रोपेलर शाफ्टवर आहे. तिथले ऑइल सील गळले की ब्रेकचे शू तेलाने भिजतात. आणखी एक धोका असा : मागचे एक चाक जॅकवर उचलले की डिफरेन्शिअलमुळे हा हॅन्डब्रेक गाडी धरत नाही. चाकांना पुढून-मागून दगड लावल्याशिवाय खाली शिरू नये. पायाचा ब्रेक एकाच सर्किटचा असतो; एक होज फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. त्यामुळे होज आणि सिलिंडरची रबरे यांत काटकसर नको. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करावी. ब्रेकच्या जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून ड्रममधली धूळ फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

कोकणात खारी हवा चासी आतून खाते. बाहेरचा रंग शाबूत असतो आणि आत गंज बसतो. ओढ्यातून गाडी नेली की ॲक्सलचे तापलेले हाऊसिंग एकदम थंड होऊन सीलमधून पाणी आत ओढते. दुसऱ्या दिवशी ड्रेन प्लग थोडा सैल करून पाहावा. तेल ताकासारखे पांढरे दिसले तर लगेच बदलावे.

सुटे भाग अजून मिळतात. हरियाणातील मंडी डबवालीत तर जुन्या भागांतून अख्खी जीप बांधून मिळते. मात्र कागदांचा प्रश्न वेगळा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मोठे फेरफार न झालेल्या खासगी गाड्यांना विंटेज गाड्यांच्या ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षे असते. रोजच्या वापराची मुभा नसते. ज्या मालकाने कधीकाळी पेट्रोल इंजिन भंगारात विकून डिझेल बसवले, त्याची जीप या मालिकेसाठी अडते.