शटर आधी घरी तपासा, मग रोल भरा

माळ्यावरून वडिलांचा जुना फिल्म कॅमेरा, याशिका मॅट किंवा पेंटॅक्स के १०००, खाली काढला की बहुतेक जण थेट रोल भरतात. रोल आणि धुलाई आता इतकी महाग झाली आहे की आधी अर्धा तास शटरला, म्हणजे फिल्मवर ठरावीक वेळच उजेड पडू देणाऱ्या झडपेला द्या, असं आम्ही दुरुस्तीच्या काउंटरवर प्रत्येकाला सांगतो.

मंद वेग आवाजावरून मोजता येतात. पंखा बंद करा, कॅमेरा घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा, मोबाईलचा रेकॉर्डर लेन्सजवळ धरा आणि १ सेकंदापासून १/३० पर्यंत प्रत्येक वेगावर पाच वेळा शटर दाबा. पहिल्या वेळचं माप वेगळं लिहा. पडून राहिलेल्या शटरमधलं वंगण चिकट झालेलं असतं, त्यामुळे ते आधी अडखळतं. चार-सहा वेळा दाबलं की मोकळं होतं आणि दुखणं लपून जातं. रेकॉर्डिंग ऑडॅसिटीत, म्हणजे आवाजाचा आलेख दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडलं की याशिकासारख्या पात्यांच्या शटरमध्ये उघडण्याचं टोक, मग गिअरची खरखर आणि मिटण्याचं टोक स्पष्ट दिसतं. दोन टोकांमधलं अंतर १/८ ला १२५ मिलिसेकंद हवं, १/३० ला ३३. पेंटॅक्समध्ये आरशाचा आवाज मध्ये लुडबुडतो. तिथे लेन्स काढा, मागचं झाकण उघडा आणि उजेडासमोर २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ घ्या. १/३० ला मध्यभाग साधारण आठ फ्रेम उजळ दिसला पाहिजे.

१/६० च्या पुढे या दोन्ही युक्त्या थकतात. मग कामाला येतो जुना, पाठीला फुगीर डबा टीव्ही. त्याच्या पडद्यावर चित्र एकेका रेघेने उमटतं आणि आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत एक रेघ ६४ मायक्रोसेकंदांत उमटते. लेन्स लावून, फिल्मच्या जागी ट्रेसिंग पेपर चिकटवून, अंधाऱ्या खोलीत कॅमेरा चालू टीव्हीकडे रोखून शटर दाबलं की कागदावर उजळ पट्टा दिसतो. १/२५० ला तो चित्राच्या उंचीच्या पाचव्या भागाहून किंचित मोठा हवा. पेंटॅक्समध्ये पट्टा तिरका येतो, त्यात बिघाड काही नाही. मात्र एका बाजूला तो निमुळता होत असेल, तर त्याच्या शटरमधल्या दोन पडद्यांचा वेग जुळत नाही.

एक तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) इकडेतिकडे चालतं. म्हणजे १/१२५ ला ६.३ ते १० मिलिसेकंद. १/५०० दर वेळी १/३५० च देत असेल, तरी घाबरू नका. तेवढं धरून अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं छिद्र, लहान करा. पाच वेळांत पाच निरनिराळी मापं आली, तर मात्र दुरुस्तीला पर्याय नाही, कारण अशा शटरसाठी हिशेबच करता येत नाही.

एक कळकळीची विनंती: पात्यांवर तेलाचा फवारा मारू नका. दोन दिवस शटर छान चालतं, मग तेल पसरून पात्या एकमेकींना चिकटतात आणि आम्हाला सगळं खोलावं लागतं.

कॅमेरा आणाल तेव्हा मापांची चिठ्ठीही आणा, पहिल्या वेळच्या मापासकट. दुकानात येईपर्यंत शटर बरेचदा मोकळं झालेलं असतं.