कोड मुक्त म्हणून लोगोही मुक्त?

‘सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे ना, मग लोगो बिनधास्त वापरा,’ असं ओपन सोर्सबद्दल, म्हणजे ज्याचा कोड कुणीही वापरावा, बदलावा, वाटावा अशा सॉफ्टवेअरबद्दल, वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे साफ चूक आहे. कोडचा परवाना वेगळा, नाव-चिन्हावरचा कायदेशीर हक्क, म्हणजे ट्रेडमार्क, वेगळा.

मोझिलाच्या फायरफॉक्स या ब्राउझरचंच बघा. त्याच्या लोगोचा परवाना मुक्त नव्हता, म्हणून डेबियन या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पाने नाव ठेवून लोगो तेवढा काढला. मोझिलाचं म्हणणं, नाव हवं तर लोगोही घ्या आणि तुमचे बदल आमच्याकडून मंजूर करून घ्या. शेवटी २००६ मध्ये डेबियनने ब्राउझरचं नावच बदलून ‘आइसवीझल’ केलं. २०१६ मध्ये डेबियनमध्ये फायरफॉक्स हे नाव परतलं. मला मोझिलाचीही बाजू पटते: त्या चिन्हाआड कुणी व्हायरस वाटला, तर फसतो साधा वापरणाराच.

आणि डेबियन? त्यांचं लाल भोवऱ्याचं चिन्ह मुक्त परवान्याखाली आहे. ‘डेबियन’ हे नाव मात्र नोंदणीकृत ट्रेडमार्कच आहे.