नर उंदराच्या रक्तातला लगाम

मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा इथल्या औषधनिर्माणशास्त्र कॉलेजांच्या ॲनिमल हाऊसमध्ये एसी बंद पडून चालत नाही. पांढऱ्या उंदरांना उकाडा हाही ताणच. प्रयोगाआधीच रक्तातलं कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं हार्मोन चढून बसलं, तर मग मोजायचं काय? (माणसात हे काम कॉर्टिसोल करतं.)

ताण आला की मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग सीआरएच हे हार्मोन सोडतो, त्याच्या सांगण्यावरून पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच हे दुसरं हार्मोन सोडते आणि ते मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथींना कॉर्टिकोस्टेरॉन सोडायला लावतं. उंदराला अर्धा तास अरुंद नळीत अडकवलं, की शेपटीतून घेतलेल्या थोड्याशा रक्तातही ही वाढ दिसते.

मादीत ती नरापेक्षा बरीच जास्त असते. शिवाय तिचं ऋतुचक्र चार-पाच दिवसांचं. इस्ट्रोजेन चढलेलं असतं त्या प्रोइस्ट्रस टप्प्यात प्रतिसाद सहसा आणखी तीव्र होतो. टप्पा ओळखायचा तर योनिमार्गातला स्मीअर, म्हणजे पेशींचा नमुना, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. केंद्रक असलेल्या गोल पेशींचे पुंजके दिसले तर प्रोइस्ट्रस, केंद्रक गेलेल्या चपट्या, वेड्यावाकड्या कडांच्या पेशी म्हणजे इस्ट्रस, पांढऱ्या पेशींची गर्दी असेल तर डायइस्ट्रस. हे रोज, प्रत्येक मादीचं. ही कटकट नको आणि आकड्यांत चढउतारही नकोत, म्हणून वर्षानुवर्षं नरांवरच भागवलं गेलं. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत बीरी आणि झुकर या संशोधकांनी शोधनिबंध तपासले, तेव्हा मेंदूविज्ञानात फक्त नर वापरणारे अभ्यास फक्त मादी वापरणाऱ्यांच्या साडेपाचपट निघाले.

पण नर म्हणजे कोरी पाटी, हा समज भाबडा आहे. नराचे वृषण काढले की त्याचाही ताणाचा प्रतिसाद वाढतो; टेस्टोस्टेरॉन बाहेरून दिलं की पुन्हा खाली येतो. म्हणजे नराचा 'साधा' आकडाही हार्मोननेच दाबून धरलेला असतो. गंमत पुढे आहे. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी हे दुसरं नर-हार्मोन बनतं, आणि डीएचटीपासून तयार होणारा एक पदार्थ इस्ट्रोजेनच्याच बीटा रिसेप्टरला (पेशीतल्या, हार्मोन ओळखणाऱ्या प्रथिनाला) जाऊन चिकटतो. हा रिसेप्टर जागा झाला की प्रतिसाद मंदावतो. इस्ट्रोजेनचाच दुसरा, अल्फा रिसेप्टर जागा झाला की वाढतो, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं. त्यामुळे 'इस्ट्रोजेन ताण वाढवतं' हे वाक्य अर्धंच खरं.

पिल्लांना पाजणाऱ्या मादीचं तर तिसरंच. एरवी कॉर्टिकोस्टेरॉन उसळवणारा ताण देऊनही तिच्यात ते फारसं चढत नाही.