गोड बाटलीतलं मोकळं पाणी

मी भेट म्हणून दिलेली संत्र्याच्या सिरपची बाटली तिसऱ्या आठवड्यात फुटली. मावशीने फोनवर काचेबद्दल अवाक्षर काढलं नाही, एवढंच विचारलं, “अरे, यात सोडा घातला होतास का?” सोडा नव्हता. साखर, पाणी, संत्र्याचा रस एवढंच होतं. आणि माझी एक ठाम समजूत होती, की साखरेत काही खराब होत नाही.

ही समजूत अर्धी खरी आहे, म्हणूनच ती जास्त फसवते. साखर हे सूक्ष्मजीवांना विष नव्हे, ते त्यांचं जेवण आहे. ग्लासभर पाण्यात दोन चमचे साखर विरघळवून ओट्यावर ठेवा, दोनतीन दिवसांत ते आंबूस होईल. तीच साखर घट्ट पाकात असली की महिनोन्महिने काही होत नाही. मग साखर राखते की नासवते? उत्तर साखरेत शोधू नका, पाण्यात शोधा. बाटलीत पाणी किती आहे याला महत्त्व नाही. त्यातलं किती पाणी मोकळं आहे, एवढंच जिवाणू आणि बुरशी बघतात.

मोकळं म्हणजे काय? एक बंद डबा घ्या, त्यात वाटीभर साधं पाणी ठेवा. थोड्या वेळाने डब्यातल्या हवेची सापेक्ष आर्द्रता १०० टक्के होईल. आता पाण्याऐवजी साखरेचा संपृक्त पाक ठेवा, म्हणजे ज्यात आणखी साखर विरघळणार नाही असा. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास अडते, कितीही वाट पाहिली तरी वर जात नाही. पाकातले पाण्याचे काही रेणू साखरेच्या रेणूंशी हातमिळवणी करून बसलेले असतात, ते सहज उडून जात नाहीत. हा आकडा शंभराने भागला की जे येतं त्याला पाण्याची सक्रियता म्हणतात. शुद्ध पाण्याची १, संपृक्त पाकाची ०.८५, मधाची साधारण ०.६.

सूक्ष्मजीवांच्या पेशीभोवती आवरण असतं आणि त्यातून पाणी आत-बाहेर करतं. शाळेत परासरण शिकलो, तेच हे. बाहेरच्या पाण्याची सक्रियता आतल्यापेक्षा कमी असेल तर पाणी पेशीतून बाहेर जातं आणि पेशी आक्रसते. बहुतेक जिवाणूंची वाढ ०.९१च्या खाली थांबते. बऱ्याचशा बुरशा ०.८०पर्यंत तग धरतात. काही हट्टी यीस्ट तर ०.६२च्या आसपासही जगतात, पण फार सावकाश.

आता माझा आवडता हिशेब. आकडेमोड नको असेल त्यांनी हा आणि पुढचा परिच्छेद गाळला तरी चालेल, मला मात्र तो लिहिल्याशिवाय राहवत नाही. फ्रान्स्वा राऊल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८८०च्या दशकात दाखवलं, की द्रावणावरचा पाण्याचा बाष्पदाब, म्हणजे वाफेचा दाब, शुद्ध पाण्याच्या तुलनेत त्यातल्या पाण्याच्या रेणूंच्या वाट्याएवढा असतो. सक्रियता म्हणजे हीच तुलना. १ किलो पाण्यात ५५.५ मोल पाणी असतं (मोल हे डझनासारखं, रेणू मोजायचं एकक). त्यात २ किलो साखर घातली, तर ती भरते जेमतेम ५.८ मोल, कारण साखरेचा एकेक रेणू पाण्याच्या १९ रेणूंएवढा जड असतो. म्हणजे पाण्याचा वाटा ५५.५ भागिले ६१.३, अर्थात जवळपास ०.९०. प्रत्यक्षात मोजलं तर ०.८५ मिळतात. मधले ०.०५ कुठे गेले? साखरेच्या प्रत्येक रेणूवर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या आठ जोड्या असतात आणि त्या पाण्याला हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतात. हिशेबापुरतं मानू, की साखरेचा प्रत्येक रेणू पाण्याचे जवळपास चार रेणू स्वतःपाशी अडकवून ठेवतो. तेवढे वजा केले की उत्तर बरोबर ०.८५ येतं! हे चित्र ढोबळ आहे, कारण हे बंध क्षणाक्षणाला तुटतात आणि जुळतात. तरी हिशेब जमला की मला दर वेळी आनंद होतो.

यातून कळतं, की वजनापेक्षा कणांची संख्या मोलाची. मीठ पाण्यात फार तर २६ टक्के मावतं, तरी त्याच्या संपृक्त द्रावणाची सक्रियता ०.७५पर्यंत उतरते. मिठाचा रेणू लहान, शिवाय विरघळताना त्याचे दोन आयन, म्हणजे विद्युतभारित कण, होतात. साखर बिचारी अवजड, ६७ टक्के गर्दी करूनही ती ०.८५पर्यंतच पोचते.

आता माझ्या बाटलीकडे. पाक मी दोनास एक असा केला होता, वजनाने. तिथवर सगळं ठीक. मग सुवास उडू नये म्हणून गॅस बंद करून, पाक निवल्यावर ताजा रस ओतला. ३०० ग्रॅम पाकात २०० ग्रॅम साखर. त्यात १०० ग्रॅम रस पडला, म्हणजे जवळपास ९० ग्रॅम पाणी आणि १० ग्रॅम साखर. बाटलीतली साखर आली ५२ टक्क्यांवर. मी दोनास एक केल्याच्या खुशीत होतो, बाटलीत जवळजवळ एकास एक होतं. एकास एक पाकाची सक्रियता ०.९४च्या आसपास असते, यीस्टला तेवढी पुष्कळ झाली. रस न तापवल्यामुळे सालीवरचं यीस्टही मीच आयतं पुरवलं होतं. १० ग्रॅम साखर, म्हणजे दोन-अडीच चमचे, पूर्ण आंबली तर खोलीच्या तापमानाला सुमारे २.८ लीटर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. घट्ट झाकणाच्या, गळ्यापर्यंत भरलेल्या बाटलीत त्याने जायचं कुठे?

दुसऱ्या एकाला दिलेली आल्याची बाटली फुटली नाही, तिच्या मानेत बुरशी आली. तीही फक्त वरच्या नखभर थरात, खाली पाक स्वच्छ. या पाकात रस नव्हता, साखर मोजून ६७ टक्के होती. बरेच दिवस कोडं सुटेना. कारण निघालं झाकणात. गरम पाक भरून मी लगेच झाकण लावलं होतं. पाकाची वाफ झाकणाच्या आतल्या बाजूला जमली आणि थेंब होऊन खाली पडली. ही वाफ म्हणजे निव्वळ पाणी. पाकाची घनता १.३३, पाण्याची १, त्यामुळे ते थेंब पाकावर तरंगत राहिले. पाक पाण्याच्या शंभरपटीहून जास्त चिकट असल्याने ते खाली मिसळायला दिवसच्या दिवस लागतात. तोवर वरच्या थराची सक्रियता ०.९५ असू शकते आणि बुरशीला तेवढा थर पुरतो. उपाय हास्यास्पद वाटावा इतका सोपा आहे: बाटली निवली की पालथी-उलथी करून हलवा. थर मोडतो.

‘अमक्या बाईचा हात लागला म्हणून साठवणीचं नासलं’ ही समजूत इथे आठवते. पाळीतल्या स्पर्शाने नवी दारू आंबट होते, असं दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन लिखाणातही सापडतं. इतकी शतकं बायकांनी ऐकून घेतलं, आणि गुन्हेगार बहुधा ओला चमचा होता. ओल्या चमच्याचे दोन थेंब वर तरंगतात आणि तोच नखभर पातळ थर तयार करतात. चमचा कोणाच्या हातात आहे हे बुरशीला कळत नाही.

मग साखर वाढवून ७५ टक्के का करू नये? कारण ती मावत नाही. २० अंशांना १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते, उकळत्या पाण्यात पावणेपाचशेहून जास्त. गरम असताना विरघळलेली जास्तीची साखर थंड झाल्यावर तळाशी खडे धरते, पाक साखरतो. म्हणजे वाट अरुंद आहे: ६५च्या खाली आंबण्याची भीती, ६७च्या वर साखरण्याची. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे पाकातली साखर मोजायचं उपकरण, नसेल तर थर्मामीटरने अंदाज येतो. तुमच्याकडे पाणी ज्या तापमानाला उकळतं त्याहून पाक साधारण ४ अंश वर उकळू लागला, की साखर ६५ टक्क्यांच्या पुढे आली समजा.

उकळताना थोडं लिंबू पिळलं तर ही वाट रुंद होते. आम्ल आणि उष्णता मिळून साखरेच्या काही रेणूंचे दोन तुकडे करतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. या मिश्रणाला इन्व्हर्ट शुगर म्हणतात, म्हणजे उलटलेली साखर. ध्रुवीकृत प्रकाशाचं, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या प्रकाशाचं, प्रतल साखर उजवीकडे वळवते आणि हे मिश्रण डावीकडे, म्हणून हे नाव. वेगवेगळ्या आकाराचे रेणू मध्ये आल्याने स्फटिकाची रांग नीट लागत नाही. शिवाय एका रेणूचे दोन झाल्याने सक्रियता आणखी उतरते. मध टिकतो त्याचं मोठं कारण हेच, त्यात मुख्यतः ग्लुकोज-फ्रुक्टोजच असतात. ‘हजारो वर्षांचा मध’ या कौतुकात चमत्कार शोधू नये.

सुवासाबद्दल थोडक्यात. पाक उकळताना घरभर घमघमाट सुटला तर खूश होऊ नका, तेवढा वास पाकातून गेला. संत्र्याचा वास मुख्यतः सालीतल्या तेलात असतो. म्हणून आता मी सालीचा फक्त रंगीत भाग साखरेत चुरडून रात्रभर झाकून ठेवतो. साखर तेल ओढून घेते, रस घालावाच लागत नाही आणि पाण्याचा हिशेबही बिघडत नाही.

एका गोष्टीत मात्र गंमत नाही. आलं, पुदिना यांना लागलेल्या मातीतून क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू येऊ शकतात आणि ते १०० अंशांच्या उकळीत मरत नाहीत. हवाबंद बाटली, ०.९४च्या वरची सक्रियता आणि ४.६च्या वरचा सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप; आकडा जितका मोठा तितका आंबटपणा कमी) एकत्र आले, तर वास-चव न बदलताही विष तयार होऊ शकतं. म्हणून पातळ सिरप फ्रिजमध्येच ठेवायचं, आणि त्यात लिंबू किंवा सायट्रिक आम्ल घालायचं. ‘केमिकल नाही’ अशी चिठ्ठी लावायच्या मोहापायी हे आम्ल वगळणारे लोक मी पाहिले आहेत. ६७ टक्के साखर हेही केमिकलच, आणि प्रिझर्व्हेटिव्हही.

मावशीला या वेळी दिलेल्या बाटलीवर मी बनवल्याची तारीख आणि सगळे घटक लिहिले. खाली ‘उघडल्यावर फ्रिजमध्ये’ आणि ‘चमचा कोरडा’. या वेळच्या आल्याच्या बाटलीत थोडा मध होता, तिच्यावर ‘एक वर्षाखालच्या बाळाला देऊ नये’ हेही, कारण त्याच जिवाणूचे बीजाणू मधातही असू शकतात आणि तान्ह्या बाळाचं आतडं त्यांना अडवू शकत नाही. मावशीने चिठ्ठी वाचली आणि बाटली कानाशी धरून हलवून पाहिली.